उजेडाकडे धरलेला डोळा

कपड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे खोटकाकू म्हणत. शिवून आलेला शर्ट खिडकीपाशी न्यायचा, उजेडाकडे धरायचा, सुटलेला टाका किंवा तेलाचा डाग दिसला की माल परत पाठवायचा, हेच त्यांचं काम. घरी आल्यावरही त्यांची ही नजर काही सुट्टी घेत नसे. "आई, रविवारी तरी आम्हाला पास कर," असं लेक चिडवायची.

लेक दुकानांच्या पाट्या रंगवायची. दिवसभर शिडीवर, ऊन आणि धूळ थेट तोंडावर. उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी मांस वाढायला लागलं आणि हळूहळू बुबुळावर चढलं. डॉक्टरीणबाईंनी ते काढलं. पण जरा बरं वाटताच लेकीने थेंब अर्ध्यावर सोडले, उन्हाचा काळा चष्मा फेकला नि पुन्हा शिडी गाठली. मांस परत आलं, तेही आधीपेक्षा जाड.

दुसऱ्या ऑपरेशनला बाईंनी वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा घेऊन त्या जागी बसवला. "हे ठिगळ तुझ्याच डोळ्याचं आहे. ऊन, वारा, धूळ यांपासून जप, थेंब मनाने बंद करू नकोस. पुन्हा वाढून ते बुबुळाच्या मधोमध आलं, तर तुला रेघ सरळ दिसायची नाही."

लेकीने मान डोलावली. खूणगाठ बांधली ती काकूंनी. पाटीवरची रेघच वाकडी गेली तर पोरीने करायचं काय? त्यांनी रुंद काठाची टोपी आणली. काळ्या चष्म्यातून निळा कुठला नि हिरवा कुठला कळत नाही, अशी लेकीची कुरकुर होती. तर उन्हातले घातक किरण अडवणारी बिनरंगी काच मिळते असं बाईंनी सांगितलं. तोही चष्मा आला, बाजूनेही डोळा झाकणारा. लेक डोळ्यात औषध घालून बसायची आणि काकू डोळ्यात तेल घालून.

शिवाय रोज सकाळी बाल्कनीत तपासणी. "चष्मा काढ. हनुवटी वर. उन्हाकडे बघ."

"अगं आई, दुखतंय! डोळा आहे तो, शर्टाची कॉलर नाही."

"गप्प उभी राहा." काकू दोन बोटांनी पापणी ताणायच्या.

एका सकाळी कोपरा लाल दिसला.  चहा तसाच ठेवून काकूंनी लेकीला दवाखान्यात नेलं. बाई यंत्रातून बराच वेळ बघत राहिल्या. काकूंनी पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली.

"ठिगळ छान धरलंय," बाई म्हणाल्या. "काहीही वाढलेलं नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. "मग लाल कशाने?"

"चोळतेस का गं डोळा?"

"मी नाही. आमच्याकडे रोज सकाळी बाल्कनीत माल तपासतात," लेक म्हणाली. "चष्मा काढून, उन्हाकडे तोंड करून, पापणी ओढून."

बाईंना हसू आवरेना. "काकू, ज्या उन्हापासून हा डोळा वाचवायचा, त्याच उन्हासमोर तुम्ही तो रोज उघडा धरता?"

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. "उजेडाकडे धरल्याशिवाय खोट दिसते होय?"

"खोट शोधायचं माझ्यावर सोडा. तुम्ही थेंब घाला आणि सांगेन तेव्हा हिला घेऊन या. तिथे हात मात्र लावायचा नाही."

परतीच्या वाटेवर लेक हसत होती. काकू आधी रागावल्यासारख्या चालत होत्या; कोपऱ्यावर वळताना त्यांनाही फिस्सकन हसू आलं. घरी आल्यावर त्यांनी गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि दोघींनी तो अगदी सावकाश प्यायला.

दुसऱ्या दिवशी लेक सवयीने बाल्कनीच्या दाराशी आली. काकूंचा हात उचलला गेला, मग तो तसाच वळून खुंटीकडे गेला.

"आज तपासणी नाही?"

"माल पास झालाय," काकू म्हणाल्या आणि टोपी तिच्या डोक्यावर पार भुवयांपर्यंत दाबून बसवली.