सिनेमांची सीनियॉरिटी

दरवर्षी त्या मोठ्या परदेशी पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली, की मी ते सगळे सिनेमे मिळवून बघते आणि मोबाइलवर त्यांच्याबद्दल लांबलचक मतं लिहिते. ती कोणी वाचत नाही. आईला वाचून दाखवायला लागले, तर तिला नेमकी तेव्हाच कुकरची शिटी ऐकू येते, कुकर गॅसवर नसला तरी. तरीही मी लिहिते, कारण माझी मतं बरोबर असतात.

या मतांपायीच मी एकदा परीक्षक झाले. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या मराठी मंडळाला कुणाच्या तरी परदेशातल्या मुलाने प्रोजेक्टर भेट दिला. गणपतीला अवकाश होता आणि मिळालेली वस्तू वापरल्याशिवाय मंडळाला चैन पडेना. मग ठरलं, की नामांकन मिळालेले पाच सिनेमे दर रविवारी दुपारी एकेक करून बघायचे आणि तिकडचा निकाल लागण्याआधी आपला लावून मोकळं व्हायचं. परीक्षक तिघं: मी, माझे बाबा आणि समोरच्या घरातले साहेब.

बाबा आणि साहेब भंडाऱ्याकडच्या एकाच गावातून भिलाईला आले आणि स्टील प्लांटच्या एकाच ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. बाबा आधी, साहेब नंतर. तेव्हा दोघं एकमेकांना ‘अबे’ म्हणत. आमच्या बोलीत हा ‘बे’ एक तर भांडताना निघतो, नाही तर जिवाभावाच्या माणसासाठी. पुढे ऑफिसरची एकच जागा निघाली आणि ती साहेबांना मिळाली. प्लांटच्या भाषेत बाबा सुपरसीड झाले, म्हणजे मागचा पुढे गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपला ‘बे’ परत घेतला आणि ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली. दोघं रिटायर झाले, समोरासमोर राहू लागले, वाटीभर साखरेची देवाणघेवाण झाली, पण ‘साहेब’ काही सुटलं नाही.

आमच्या घरात मात्र ‘सुपरसीड’ हा शब्द मिठासारखा वापरला जाई. माझ्याआधी धाकट्या मावसबहिणीचं लग्न ठरलं, मी सुपरसीड. आईने वांगी ठेवून भेंडी केली, वांगी सुपरसीड. बाबा हे हसत म्हणत आणि मला त्यांचा फार राग येई, कारण त्यांना अजून दुखतंय हे मला कळत असे. ती जागा तुझी होती, एवढं एकदा कोणीतरी म्हणावं, इतकीच त्यांची इच्छा होती. खरं तर कोणीतरी नव्हे, साहेबांनीच.

पहिल्या बैठकीत निकषांचा विषय निघाला.

“सीनियॉरिटी,” बाबा म्हणाले. “ज्याची जॉइनिंग डेट पयली, तो सीनियर.”

“पिक्चरची कायची जॉइनिंग डेट, बाबा?”

“रिलीज.”

साहेबांनी चष्मा पुसला. “मेरिट बी पाहा लागते न,” ते म्हणाले.

“हो, पाहा लागते,” बाबा म्हणाले. “आमाले मालूम आहे.”

मंडळाच्या सेक्रेटरींनी घाईघाईने चहा मागवला.

मग रविवार सुरू झाले. खिडक्यांना गणपतीच्या मखराचे काळे पडदे लावले जात. चरोद्याहून एक रेल्वेवाले काका खास येत आणि पडद्यावर गाडी दिसली, तरच जागे होत. पहिला होता युद्धाचा सिनेमा. तो मला अजिबात आवडला नाही. त्यात इतके स्फोट होते की माणसं मेली याचं दुःख व्हायला उसंतच मिळेना. बाबांचं मत होतं, की हेल्मेटचा पट्टा एकानेही बांधला नव्हता. शिवाय या सिनेमाला दुसरीकडे एक बक्षीस मिळालं होतं. “म्हंजे एक इन्क्रिमेंट भेटलं आहे त्याले,” बाबा म्हणाले आणि तो बाद झाला.

दुसरा घटस्फोटाचा. त्यात चुंबनं बरीच होती आणि प्रत्येक वेळी साहेब प्रोजेक्टरसमोर हात धरत. पडद्यावर त्यांचा भलामोठा पंजा उमटे, पुष्कराजाच्या अंगठीसकट. माझं प्रामाणिक मत असं, की त्या सिनेमात सगळ्यात चांगला अभिनय पंजाचाच होता. तिसरा सिनेमा वीज गेल्यामुळे अर्धाच झाला आणि बाबांनी त्याची गैरहजेरी लावली.

चौथा जानेवारीत आलेला, म्हणजे सगळ्यांत सीनियर. त्यात एक म्हातारा बर्फात कुंपण दुरुस्त करतो. तो खिळा ठोकतो, वारा येतो, खिळा निघतो. सिनेमा संपतो तेव्हा कुंपण होतं तिथेच असतं. मी असा कंटाळवाणा सिनेमा जन्मात पाहिलेला नाही. बाबा मात्र ताठ बसून होते. “ड्यूटी सोडली नाही त्यानं,” ते घरी येताना म्हणाले.

पाचवा डिसेंबरचा, सगळ्यांत ज्युनियर. बेकरीवाल्या बाईची मुलगी बऱ्याच वर्षांनी परत येते. दोघी भांडत नाहीत, रडत नाहीत, शेजारी उभ्या राहून पीठ मळतात. मी हमसून रडले. साहेब नाक शिंकरत राहिले. बाबा गमछ्याने डोळे पुसत म्हणाले, “आज प्लांटच्या कोक ओव्हनची धूळ लय येऊन राहिली.” पडदे तर सगळे बंद होते.

आता माझी पंचाईत झाली. साहेब मत डिसेंबरच्या सिनेमाला देणार हे उघड होतं. मीही तिकडे गेले, तर बाबांची सीनियॉरिटी पुन्हा एकदा मेरिटपुढे हरणार, तीही सगळ्या मंडळासमोर आणि स्वतःच्या पोरीच्या हाताने. रस्त्यात मी बाबांना सांगून टाकलं, की मला पाववाली आवडली.

“मंग तिलेच दे,” ते म्हणाले. “तुयं मत कावून बदलवतेस?” आणि घरापर्यंत पुढे पुढे चालत राहिले.

निकालाच्या रविवारी मी म्हटलं, “डिसेंबर.” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “जानेवारी.” सगळे साहेबांकडे वळले.

“जानेवारी,” साहेब म्हणाले.

“पण काका, तुमाले तर पाववाली आवडली होती!”

“आवडली न. पन नंबर त्याचा होता.” ते माझ्याशी बोलत नव्हते, बाबांकडे बघत होते. “हक्क त्याचा होता. माह्याच्यानं तवा बोलनं झालं नाही.”

रेल्वेवाले काका गाडी नसताना जागे झाले. बाबा बराच वेळ आपल्या चपलांकडे बघत राहिले.

“पन साहेब,” बाबा शेवटी म्हणाले, “पिक्चर लय बोर होतं.”

“होतं न,” साहेब म्हणाले.

मंडळाने शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं. विजेता हजर नसल्यामुळे सेक्रेटरींनी शाल प्रोजेक्टरला पांघरली आणि नारळ त्याच्यापुढे ठेवला. प्रोजेक्टर शोभेसाठी चालू ठेवल्यामुळे गरम होता, शाल जराशी करपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा निकाल टीव्हीवर लागला. बक्षीस युद्धाच्या सिनेमाला. मी चिडून माझी मतं पुन्हा मांडायला लागले, आईला कुकर ऐकू आला. बाबा हातात कप घेऊन टीव्हीकडे बघत होते. एकाएकी त्यांना हसू फुटलं, खांदे हलू लागले. कप तसाच ठेवून ते अनवाणीच रस्ता ओलांडून गेले.

“चा थंडी होऊन राहिली!” आई ओरडली.

बाबांनी समोरचं फाटक वाजवलं. “अबे, बाहेर ये बे!” घरांच्या आख्ख्या लाइनीला ऐकू जाईल असं ते ओरडले. “आपुन दोघंही सुपरसीड झालो!”

आतून साहेबांचा घोगरा आवाज आला, “थांब बे, आलो. चष्मा भेटून नाही राहिला.”