रोजची हजेरी

चौलच्या नाक्यावर पंक्चर काढणारा एक जण मोबाइल गेमच्या कंपन्यांवर माझ्या पत्रकांपेक्षा जहाल बोलतो. "गेम झकास हाय रे, कार्यकर्त्या. पण एक दिवस उघडला न्हाय, तर कमावलेलं सगळं काढून घेतात. हा खेळ न्हाय, वेठबिगारी हाय!" बोलताना टायरवर पान्हा आपटतो.

परवा त्याचे वडील गेले. अग्नी देऊन, खाडीत बुडी मारून तो वर आला आणि माझ्याकडे ठेवलेला फोन मागितला. मला वाटलं, मामाला कळवायचं असेल. ओला अंगठा फोनवर चालेना, म्हणून त्याने तो माझ्याच सदऱ्याला पुसला आणि गेम उघडून आजची हजेरी लावली!

"हरामखोर हायत साले," तो पुटपुटला.

पडद्यावर फटाके फुटले. कंपनीने लिहिलं होतं, "अभिनंदन! आजही आलात."