पेंटरकाकांचा प्रश्न

पेंटरकाका उजव्या हाताने अक्षरं काढत आणि डावा हात डाव्या बरगडीखाली धरून ठेवत. शिडीवर उभे असोत की जमिनीवर बसलेले, तो हात तिथेच. लकडगंजातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांनी अशा एका हाताने रंगवल्या. आमच्या गल्लीने त्या हाताचं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं. सदऱ्याच्या आत बाटली असते, म्हणून.

काका चाळिशीच्या आतबाहेर असतील. अंगाने काटकुळे, चेहरा फिकट, पोट तेवढं डावीकडून फुगलेलं. मधेच दोन-चार दिवस दिसत नसत, आणि दिसायला लागले की भिंतीला धरून चालत. गल्लीला एवढं पुरेसं होतं. माझे बाबा त्यांना चहाला बोलवत, पण ते गेले की म्हणत, "हात सोन्याचा आहे, पण..." आणि वाक्य तिथेच सोडून देत. तो 'पण' ऐकतच मी मोठी झाले.

पेन्सिलीने ते कधी आखत नसत. "आखून काढलेलं अक्षर भ्यालेलं दिसते," म्हणत. आणि अर्थ कळल्याशिवाय ब्रश लावत नसत. एका व्यापाऱ्याच्या दुकानाचं नाव गुजरातीत होतं, तर त्याचा अर्थ आधी विचारून घेतला, दोनदा म्हणून पाहिलं, मगच डबा उघडला.

मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कॉलेजात आरोग्य प्रदर्शन भरणार होतं. लिव्हरमधून रक्त कसं फिरतं, ते चित्र माझ्या वाट्याला आलं. बाकीच्यांनी फ्लेक्स छापून घेतले. बाबांच्या आग्रहावरून मी काकांना सांगितलं. त्यांनी आमच्या अंगणात प्लायवूड टेकवलं आणि आधी मला समोर बसवून सगळं समजावून घेतलं. मी सांगितलं, लिव्हरमध्ये रक्त दोन वाटांनी येतं. थोडं हृदयाकडून, आणि बरंचसं आतडी, जठर आणि डाव्या बरगडीखालची पानथरी, म्हणजे प्लीहा, यांच्याकडून, अन्नरस घेऊन, एका जाड नसेतून. लिव्हरमध्ये ते निवळतं आणि मग वर हृदयाकडे जातं. त्या जाड नसेला त्यांनी आपल्या मनाने जांभळा रंग दिला. आणि मग ब्रश थांबला.

"मले सांग वं डॉक्टरीण, हा रस्ता बंद पडला त रक्त काय करते?"

माझी परीक्षा तोंडावर होती, उत्तर पाठ होतं. रक्त आडवाटा शोधतं, पानथरी फुगते, अन्ननलिकेतल्या बारीक नसा तट्ट होतात आणि एखाद दिवशी फुटतात. माणूस रक्ताची उलटी करतो.

"कोनाले होते असं?"

"दारू पिणाऱ्यांना."

त्यांनी ब्रश डब्यात बुडवला, काठावर पुसला. "न पेनाऱ्याले?"

"नाही होत, काका."

पुस्तकात त्यावर अर्धं पान होतं, बारीक टायपातलं. ते मी सोडून दिलं होतं. काका पुन्हा रंगवायला लागले. पानथरी त्यांनी पुस्तकातल्यापेक्षा बरीच मोठी काढली. मी म्हटलं, एवढी नसते. त्यांनी ती मुकाट्याने लहान केली.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, एका दुपारी, काकू धावत आमच्या दारात आल्या. न्हाणीत बादली लाल झाली होती. ऑटोत मी काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दारूचा. काकू म्हणाल्या, थेंबही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नक्की माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. लिव्हर चांगलं होतं. त्याच्या दाराशी येणारी मोठी नस मात्र बंद होती आणि तिच्याभोवती बारीक नसांचं जाळं माजलं होतं. मोठ्या सरांनी काकूंना काकांचं लहानपण विचारलं. त्या म्हणाल्या, सासू सांगायची, जन्मल्यावर नाळ पिकली होती, ताप आला होता. सर म्हणाले, बहुधा तेव्हाच बंद झाली असावी. दारूचा इथे काही संबंध नाही. वेळेत आले असते तर दुर्बिणीतून फुगलेल्या नसा आधीच बांधता आल्या असत्या, पुष्कळ वर्षं काढली असती.

बाहेर बाकावर काकू मला म्हणाल्या, या वर्षातली ही चौथी उलटी. "मी पाय धरले त्याइचे, दवाखान्यात चला म्हून. नाहीच आले. म्हने, एका डॉक्टरनं सांगतलं, हे दारुड्यालेच होते. तिथं गेलो त गल्ली खरी ठरन."



तरी काकांच्या नसा बांधल्या, रक्त चढवलं. एकदा शुद्धीवर असताना त्यांनी मला पाहिलं आणि अभ्यास कसा चालू आहे ते विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त आलं आणि ते थांबलंच नाही.

तेरवी झाल्यावर काकू वहीचं कोरं पान घेऊन आल्या. "ते पेत नव्हते, असं लिहून दे." माझ्या सहीला तेव्हा काही किंमत नव्हती. तरी मी सगळं लिहिलं, नस, नाळ, ताप. मग त्यांनी ते मला अंगणात उभं राहून मोठ्याने वाचायला लावलं. माणसं दारात आली. बाबा मान खाली घालून ऐकत होते.

आज मी याच शहरात सोनोग्राफी करते. नसांचं ते जाळं पडद्यावर दिसलं की आधी नातेवाइकांना आत बोलावते आणि याचा दारूशी संबंध नाही, हे सांगते. त्यांनी विचारलं नसलं तरी सांगते.

बाबांकडे गेले की काकूंकडे चहा होतोच. घरात कुणी पाहुणा असला की त्या माझ्याकडे बोट करून सांगतात, हिनंच लिहून देल्लं होतं. मग, पाहुणा उठून गेल्यावर, कप विसळता विसळता कधीतरी विचारतात, "तो डॉक्टर कोन होता वं? तुले कधी समजलं का?"

"नाही काकू," मी म्हणते.