ओरियामावशीचं मांजर आणि बारा विती

ओरियामावशी वेस्का गावाच्या वेशीबाहेर पाव भाजायची. पन्नाशीची, रुंद, मोठ्या आवाजाची. अक्षर एक येत नव्हतं. पण तिचे आजोबा गावचे पंच. त्यांच्या मांडीवर बसून ऐकलेला प्रत्येक रिवाज तिला तोंडपाठ होता. मी बोलोन्याला पाच वर्षं साहित्य शिकून आलो. मला एवढं काहीच पाठ नाही.

त्या वर्षी राजाने आमच्या बिशपांना राज्याचे सगळे कायदे एका ग्रंथात लिहून काढायला सांगितले. मी त्यांचा लेखनिक. त्याच वर्षी शेजारच्या गालीनने मावशीचं मांजर चोरलं. महिन्याभरात उंदरांनी तिची बियाण्याची वरी फस्त केली. पेरणी तोंडावर आली होती.

मावशी थेट बिशपांपुढे उभी राहिली.

"महाराज, रिवाज असा आहे. मांजर बारा विती दोरीने खुंटाला बांधायचं. चोराने त्याच्यावर वरी ओतायची. एकही केस दिसेनासा झाला की थांबायचं. ती वरी मालकाची."

शेजारी बसलेले कायदेपंडित खो खो हसले. "मावशी, हे पीठ मळताना सुचलं का?"

बिशप हसले नाहीत. "वीत कोणाची?"

मावशीला आजोबांनी ते सांगितलंच नव्हतं.

"माझी धरा!" गालीन आखूड बोटं नाचवत म्हणाला.

"चोराच्या हाताने कायदा मोजायचा होय रे?" मावशीने आपला पंजा पसरला. फावडंच ते.

"मालकाची वीत," बिशप म्हणाले. "करून बघू. जमलं तरच लिहू."

दुसऱ्या दिवशी बिशपांच्या अंगणात खुंट ठोकला. गालीन बेरका. त्याने सकाळीच मांजराला पोटभर मासे चारले. मांजर मुटकुळं करून झोपलं. एका पोत्यात पाठ बुडाली. एक कान उरला. मावशीची सगळी पेरणी त्या कानावर. मला बघवेना.

"संपलंच!" म्हणत गालीनने दुसरं पोतं सोडलं.

पोत्यातून उंदीर निघाला.

पुढचं नीट सांगता येत नाही. मांजर उडालं. बारा विती इकडे, बारा विती तिकडे. वरीचे फवारे. पंडित बाकांवर चढले. बिशप पोट धरून हसत बसले. गालीन ओततोय, मांजर झटकतंय.

"अरे, बस की बाबा!" गालीन मांजरावर ओरडला.

"ते फक्त माझं ऐकतं," मावशी म्हणाली.

"मग सांगा ना त्याला!"

"सांगते की. पळ रे सोन्या!"

आठव्या पोत्याला मांजर दमलं आणि ढिगात गडप झालं. मावशीने लगेच हात घालून त्याला बाहेर ओढलं. ते शिंकलं.

"लिही," बिशप डोळे पुसत म्हणाले. मी हसत हसतच लिहिलं. शाईचा एक डाग पडला. तो तसाच राहिला.

मावशी उलट्या बाजूने पानात डोकावली.

"यात माझं नाव आहे?"

"कायद्यात नावं नसतात, मावशी."

"आणि मांजर?"

"ते आहे."

"मग झालं. चल, पोतं धर. जमिनीतली ओल, वाफसा गेला तर पेरू कधी?"