आवस आणि बाबांची मोटार

हा किस्सा मीच सांगून टाकलेला बरा. कारण तो आमची आत्याही सांगते, आणि ती सांगते तेव्हा मोटार दर खेपेला थोडी पुढं जाते. गेल्या संक्रांतीला तर ती आफ्रिकेच्या अर्ध्या वाटेवर होती! तेव्हा ऐका. मूर्खपणा माझा आहे, माझ्या तोंडून निदान मापात राहील.

बी.ए. होऊन मी सहा महिने नागपुरात घरी बसले होते. मला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं. बाबा वकील. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात, नुसत्या तारखा देत. नाताळात कोर्टं बंद झाली तेव्हा कुठं निकाल लागला.

"एका अशिलाचं कोकणात समुद्रकाठी रिकामं घर आहे. मोटारीनं जाऊ. सगळं तू ठरव, गाडी तू चालव. आम्हाला आणि गाडीला धड नेऊन धड परत आणलंस, तर पुण्याला जा."

एवढंच? मी त्यांना लंकेपर्यंत नेऊन आणलं असतं!

निघायच्या दिवशीच आत्या आडवी आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घर आमचं, पण त्यात पंचांग तिचं चालतं.

"आज शुक्रवार आहे वं इंदे. पश्चिमेले दिशाशूळ. आजच काहून निघून राहिली?"

"आत्या, रस्त्याला वार कळत नाही."

निघालो. आणि झालं काय? काही नाही! पाच दिवस धूळ, घाट, खड्डे. आत्या काटोलच्या संत्र्यांची करंडी मांडीवर घेऊन मागं मारुतीचा जप करत होती, पण एक टायर फुटला नाही. तिथंच घात झाला हो. एखादं चाक पंक्चर झालं असतं, तर मी तरी जमिनीवर राहिले असते.

पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. काय ती जागा! माणूस नाही, दुकान नाही. माड, वाळू, आणि लांब कुठंतरी चकाकणारी पाण्याची रेघ. समुद्र मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहत होते. घराकडची वाट अरुंद होती, म्हणून मी गाडी सरळ वाळूवर घातली.

हसू नका! आमच्याकडं उन्हाळ्यात कन्हानच्या पात्रातून बैलगाड्या जातात. घट्ट वाळू म्हणजे आमच्या लेखी रस्ताच.

घराची राखण करणारे भिकूतात्या माडाखालून आले. सत्तरीचे असतील. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बाय, गाडी वर घे. आज आवस हाय."

घ्या! एवढा मुलूख ओलांडून आले, तर पंचांग माझ्या आधी येऊन बसलेलं!

"अमावास्या माझ्या गाडीला काय करणार, तात्या?"

"घेऊन जाईल की," तात्या म्हणाले. अगदी शांतपणे.

मी काय करावं? गाडी सुरू केली आणि वीस पावलं आणखी खाली, पाण्याच्या दिशेनं नेली.

"इंदे, म्हाताऱ्या माणसाचं ऐक," आत्या म्हणाली. "नाही तं एक नारळ तरी फोड."

नारळ? आणखी वीस पावलं!

"इंदू," बाबा हळूच म्हणाले, "वर घेतली तर काय बिघडेल?"

"तत्त्व बिघडेल, बाबा!"

आणखी वीस. मग मी गाडीच्या पायरीवर उभी राहून अंधश्रद्धेवर भाषण दिलं. कॉलेजात बक्षीस मिळालं असतं असं! तात्यांनी ते पुरतं ऐकलं, मान हलवली आणि गावाकडं निघून गेले. मला वाटलं, पटलं त्यांना.

साडेअकराला आम्ही मागच्या पडवीत जेवत होतो. आत्या हात धुवायला पुढं गेली आणि तिची किंकाळी आली.

"अवं माय! इंदे, संत्रे पोहून राहिले वं!"

धावत गेले. पाण्याची रेघ कुठली! समुद्र माडांपर्यंत आला होता. संत्री लाटांवर डुलत होती, आणि त्यांच्यामागं, पर्वणीच्या स्नानाला उतरावी तशी, गळ्यापर्यंत बुडालेली बाबांची मोटार! दिसत होता फक्त वरचा कापडी हूड.

तेवढ्यात तात्या आले. दोन बैलजोड्या, जाडजूड दोर आणि आठ-दहा कोळी घेऊन. भाषण संपल्यापासून हा माणूस बैल गोळा करत हिंडत होता!

"आवसेला उधाण येतं गो," ते दोर सोडत म्हणाले. "पानी एरवी इथवर येत नाय. वाटलं, शिकलेल्या पोरीला ठावं असंल."

ठावं होतं हो! चंद्र-सूर्य एका रेषेत, म्हणून अमावास्येला भरती सर्वांत मोठी. इंटरच्या परीक्षेत मी रंगीत पेन्सिलीनं बाण काढून हे लिहून आले होते. पण म्हाताऱ्या तोंडातून अमावास्या आली, की माझे कानच बंद!

बैलांनी मोटार ओढून काढली. दार उघडलं तर आतून धबधबा, आणि माझ्या सीटवरून एक खेकडा ऐटीत उतरला. इंजिन मेलेलं. ती आता रेल्वेच्या वाघिणीतून घरी जाणार होती.

बाबा बोलेनात. मी गुडघाभर चिखलात उभी. शेवटी मीच म्हणाले, "बाबा, अट मोडली. पुण्याचं राहू द्या." आणि काय सांगू, मला रडूच फुटलं.

आत्या आली. पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलं आणि बाबांकडं वळली.

"तू काहून गप बसला गा? पाठव तिले पुण्याले. बिनघोर पाठव. तिथं समुद्र नाही."