तिसरी कोठी आणि पुसलेली धूळ

शनिवार, संध्याकाळचे सव्वासात. ठिकाण : धाराशिव, माझे राहते घर. हजर : मी; सौ.; सौ.ची धाकटी बहीण, उमरग्याहून दोन दिवसांसाठी आलेली. आणि शेजारचे निवृत्त हवालदार, ज्यांच्या हातात माझ्याच घरचा रिमोट होता. गैरहजर कोणी नाही.

सगळे जमले होते ते शनिवार-रविवारच्या गुन्ह्यांच्या मालिकेसाठी. इतकी वर्षे चाललेली ही मालिका वाहिनीने बंद करायचे ठरवले होते. जाहिराती संपल्या आणि पडद्याच्या खालच्या बाजूला पट्टी सरकली, पुढच्या शनिवारपासून या वेळेला गाण्यांची स्पर्धा.

"घ्या! आता साहेब चुका कुणाच्या काढणार?" हवालदार म्हणाले.

"माझ्या," सौ. म्हणाली. "स्वयंपाकघरापासून सुरुवात होईल."

या मालिकेतल्या चुका मी लिहून ठेवत असे, हे खरे आहे. दोन वह्या भरल्या आहेत. पंचांशिवाय पंचनामा. उघड्या हाताने उचललेला सुरा. आरोपी तीन मिनिटांत कबूल. ठाण्यात एकही फाइल नाही, चहाचा कपसुद्धा नाही.

मेहुणीने विचारले, "दाजी, खरं सांगा, ह्या मालिकेमुळं तुमची एक तरी केस सुटली का?"

"एक सुटली," मी म्हणालो. "आणि अवघडही तिच्यामुळेच झाली होती."

ती केस मी विसरलेलो नाही. त्या दिवशी तिघांना सांगितली, तीच इथे क्रमाने लिहितो. नावे लिहीत नाही.

माझ्या निवृत्तीला तीन वर्षे बाकी होती. महामार्गावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सोयाबीनची मळणी चालू होती. एका सोमवारी सकाळी जळकोटच्या पलीकडच्या एका गावातून एक मोठे शेतकरी आणि त्यांची आई ठाण्यात आले. नातीच्या लग्नासाठी ठेवलेली बोरमाळ आणि चार पाटल्या घरातून गेल्या होत्या. दागिने कापडात बांधून धान्याच्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीत, ज्वारीच्या तळाशी ठेवले होते. शनिवारी सकाळी आजींनी हात घालून पाहिले तेव्हा होते. सोमवारी सकाळी नव्हते.

फिर्याद लिहून घेताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, "खोलीत नंतर कोण कोण गेलं?"

आजी ताठ बसून म्हणाल्या, "कुणी न्हाय. कडी घातली, कुलूप लावलं, चावी ही बगा कमरंला. पोराला बी आत सोडला न्हाय. शनवार-रविवार बगते न्हवं म्या! चोरी झाली की कशालाच हात लावायचा नसतो."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत घटनास्थळ एवढे जपून ठेवणारी फिर्यादी मला दुसरी भेटली नाही. बहुतेक ठिकाणी आम्ही पोहोचेपर्यंत अर्धा गाव त्या खोलीत उभा असतो आणि कोणीतरी झाडूनही घेतलेले असते.

दोन पंच घेऊन खोली उघडली. शनिवार सकाळपर्यंत दोन दिवस अंगणात मळणीयंत्र चालले होते, त्यामुळे सोयाबीनच्या भुश्श्याची बारीक, पिवळट धूळ घरभर बसली होती. खोलीत एका रांगेत पाच कोठ्या. जिल्ह्याहून ठसेतज्ज्ञ आले. त्यांनी पावडर मारली, भिंग लावले आणि मान हलवली. जिथे ठसा मिळायला हवा, नेमके तिथेच सगळे पुसून घेतलेले होते.

दाराबाहेर गर्दी होती आणि गर्दीत प्रत्येक जण तपास अधिकारी होता.

"साहेब, कुत्रं मागवा."

"मोबाइलचं लोकेशन काढा की!"

"आरं, आदी घरातल्या नोकराला धरत्यात. शेवटाला दुसराच निगतो."

मी वैतागलो. त्या क्षणी माझ्या मनात आले, की ही मालिका बंद करायला हवी. चोराला पुसायला तिनेच शिकवले आणि बघ्यांना बोलायलाही तिनेच. वैतागलो की मी कागद काढून यादी करतो. तशीच तेव्हाही केली. खोलीचा नकाशा काढला आणि जिथे धूळ पुसलेली दिसली तिथे आकडे टाकले. एक, दाराची कडी. दोन, दिव्याचे बटण. तीन, तिसऱ्या कोठीचे झाकण. चार, तिच्या मागच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला तळहाताएवढा पट्टा. बाकी चारही कोठ्यांवर धूळ जशीच्या तशी होती.

त्या दिवशी मी ती यादी खिशात घातली. तिचा अर्थ दुसऱ्या दिवशी लागला.

मंगळवारी सकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. "मन्यारणीच्या घरात बगा." नाव विचारताच फोन ठेवला. स्टेशन डायरीला नोंद केली.

मन्यारीण म्हणजे सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून गावोगाव बांगड्या भरणारी पन्नाशीची बाई. सगळा परिसर तिला चाची म्हणे. शनिवारी दुपारी ती त्या घरी बांगड्या दाखवायला गेली होती. घराबाहेरचे माणूस त्या दिवशी ती एकटीच. आजींनी सोमवारीच चौकात तिचे नाव घेतले होते, आणि बांगड्यांचा धंदा असा की घराच्या आत बसल्याशिवाय तो होत नाही. उंबऱ्याबाहेर ठेवले की संपला.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नसते, म्हणून महिला शिपाई बरोबर घेऊन मी तिच्या घरी गेलो. पेटी सायकलवरून उतरवून भिंतीला लावलेली होती. चाची चिडली होती, पण रडत नव्हती.

"झडती घ्या साहेब. पेटी उघडा, ट्रंका उघडा, चूल बी उकरा. पण बांगड्या नीट उचला. काचेच्या हायेत."

झडतीत काही निघाले नाही. मी विचारले, "चाची, त्या घरात तुम्ही बसला होतात कुठं?"

"सोप्यात. माजघरात बी न्हाय गेले."

"धान्याच्या खोलीत दिवा कुठं लागतो?"

"मला काय म्हाईत? मी उजेडाचा धंदा करते साहेब. अंधारात बांगडी भरली तर मनगट कापतं."

ती उठून उभी राहिली तेव्हा माझ्या खांद्यालाही पोचत नव्हती. मी खिशातली यादी काढली. दिव्याचे बटण त्या खोलीत दाराजवळ नाही, पहिल्या कोठीच्या मागे आहे. मलाही शोधावे लागले होते. चोराने ते एकदाही चाचपडले नव्हते. आजूबाजूची भिंत धुळीने भरलेली, फक्त बटण स्वच्छ. पाच कोठ्यांपैकी त्याने एकच उघडली होती. आणि कोठीवरून ओणवून मागच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला टेकलेला हात चाचीचा असू शकत नव्हता. ठसे पुसताना त्याने स्वतःच्या येण्याजाण्याचा नकाशाच काढून ठेवला होता. धुळीला त्याने हात लावला नसता, तर एवढे स्पष्ट काहीच दिसले नसते.

मी परत गावात गेलो. दागिन्यांची जागा कोणाकोणाला माहीत होती? आजी, मुलगा, सून, नात. आणि शेजारच्या घरात राहणारा त्या शेतकऱ्याचा पुतण्या, कारण दिवाळीआधी कोठ्या सरकवायला तो होता. पाच नावे. शनिवारी संध्याकाळी पाचही जण टीव्हीसमोर होते. जाहिराती लागल्या तेव्हा पुतण्या फोन आला म्हणून उठला होता, असे नात सहज बोलून गेली.

पुतण्याला ठाण्यात बोलावले. वय तिशीच्या आत, उंच, अंगाने भरलेला. चहा दिला. त्याने कप रुमालाने धरला.

"तू त्या खोलीत शेवटचा कधी गेलास?"

"म्या? म्या कशाला जाऊ साहेब? माझे ठसे घ्या. एक बी ठसा जुळला तर बेड्या घाला."

"दिवाळीआधी कोठ्या कोणी सरकवल्या?"

"म्या अन् काकानं."

"हातानंच ना?"

"मंग काय पायानं?"

"मग तुझे ठसे तिथं सापडायला पाहिजेत. काकाचे पाहिजेत, आजीचे पाहिजेत. घरातल्यांचे ठसे घरात नसतील तर कुठं असतील? तिसऱ्या कोठीच्या झाकणावर कोणाचेच नाहीत. जी बाई शनिवारी सकाळी हात घालून बघते, तिचेसुद्धा नाहीत. परक्यानं काय पुसलं असतं मला माहीत नाही. पण तुझे ठसे तिथं असते तर कोणी तुला काही विचारलंच नसतं."

त्याने रुमालासकट कप खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून अगदी मनापासून त्याने विचारले, "म्हंजे... म्या पुसायलाच नको व्हतं?"

जबाब लिहिणाऱ्या हवालदारांचे पेन थांबले. तेच हे आमचे शेजारी. त्या दिवशी हसू दाबताना त्यांना ठसका लागला होता, हे त्यांनी परवा मेहुणीसमोर कबूल केले. शंका विचारून गुन्हा कबूल करणारा आरोपी आम्हा दोघांनाही तो एकच भेटला.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, काढून दिलेला माल चालतो. पंचांसमोर त्याचे निवेदन घेतले. त्याने शेतातल्या पत्र्याच्या शेडमधून, पेरणीयंत्राच्या बियाण्याच्या पेटीतून बोरमाळ आणि चारही पाटल्या काढून दिल्या. त्याला जुना पिकअप टेम्पो घ्यायचा होता. फोनही त्यानेच केला होता. "मालिकेत संशय दुसऱ्यावर टाकत्यात," एवढेच त्याचे म्हणणे.

त्याच संध्याकाळी मी चाचीकडे गेलो.

"मिळालं? शुक्र आहे. आता मला कागद द्या."

"कसला?"

"मी चोर न्हाय म्हणून. शिक्का मारून."

"चाची, असा कागद नसतो. चोर असला तरच आमच्याकडं कागद होतो."

"मंग लोकांना कळणार कसं?"

याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आजींनी दिले. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या चाचीच्या दारात गेल्या आणि तिला गावात घेऊन आल्या. ज्या चौकात नाव घेतले होते तिथेच पारावर नातीला बसवले. मी मुद्दाम गणवेशात हजर होतो.

"चाची, माझी जीभ घसरली. पोरीचा चुडा तूच भरायचा," आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

चाचीने पेटीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "उघडू का साहेब? का आदी दोन पंच बोलवता?"

चौक हसला. आजीही हसल्या, जरा उशिरा. चाचीने पोरीच्या हाताला साबण लावला आणि एकेक हिरवी बांगडी अशी चढवली की एकही फुटली नाही. चार बायका तिथेच रांगेत बसल्या. त्या गावापुरते काम झाले.

निघताना चाचीने मला बाजूला बोलावले. ती सात गावे फिरत असे. नाव घेतल्याची बातमी सातही गावांत पोहोचली होती. चुड्याची फक्त एका गावात.

"साहेब, ते शनवारचं लागतं त्यात माझं दाखवा की. सात बी गावं बगत्यात. एकदा दाखवलं की मला दारोदार सांगत फिरायला नको."

"लिहितो त्यांना," मी म्हणालो, आणि यादीत टिपले.

मी लिहिले नाही. कारण सांगतो. त्या मालिकेतला भाग पाऊण वेळ संशयितावर चालतो. तिच्यासारखी कोणीतरी बाई पेटी घेऊन अंधारातून चालताना दाखवली असती, मागे ते संगीत. शेवटची पाच मिनिटे बघायला लोक थांबतात, पण लक्षात राहते ती पेटी. तिला माझी भीती मी सांगितली नाही. त्याऐवजी ठरवले, की आठवडी बाजाराच्या दिवशी प्रत्येक गावी स्वतः जायचे, पोलीस पाटलांना बरोबर घ्यायचे आणि चार माणसांत सांगायचे, की ही बाई निर्दोष आहे. आजींच्या गावासह चार गावे झाली. मग बदलीचा आदेश आला, नंतर निवृत्ती. उरलेल्या गावांची आठवण झाली की मी मनाशी म्हणायचो, कधीतरी मालिकेला लिहू, म्हणजे एकदम होईल.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. लोक टीव्हीवरून काय उचलतील हे आपण ठरवू शकत नाही. एकाने पुसायला उचलले, एका म्हातारीने कुलूप लावायला उचलले, आणि तिच्या कुलपाशिवाय माझी यादी झालीच नसती. वहीत चुका लिहिताना हे मी एकदाही लिहिले नाही. दुसरी गोष्ट अशी, की दोषारोपपत्र दाखल झाले म्हणजे तपास संपतो, पण ज्याचे नाव विनाकारण घेतले गेले त्याचे काम तिथे संपत नाही. ते कोणत्याच रजिस्टरला नसते.

परवाचा भाग संपला. हवालदारांनी टीव्ही बंद केला. मेहुणी म्हणाली, "मग दाजी, आता कुणाला लिहिणार?"

चाची अजून फिरते, हे मला माहीत आहे. आता सून बरोबर असते आणि सायकलऐवजी मोपेड आहे. धंदा बरा चालतो. फक्त तीन गावांत अजून काही घरे तिला ओसरीवरच थांबवतात.

त्या तीन गावांतले एक कर्नाटकच्या हद्दीला लागून आहे. तिथला बाजार मंगळवारी भरतो. गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली आहे, तिथल्या पोलीस पाटलांचा नंबर काढला आहे. अजून गेलेलो नाही.