द्यायची राहिलेली लोणच्याची फोड

आधीच सांगते, मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी मीच फिदीफिदी हसायची. त्यामुळे हे लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटतंय… पण मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

गेल्या पावसाळ्यात अकोल्याला भावाकडे गेले आणि तिथेच डेंग्यूनं गाठलं. हॉस्पिटलमध्ये, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट मिळाली. तिथे एक तरुण डॉक्टरीण व्हायरल तापात शरीरातले हार्मोन्स कसे बदलतात यावर संशोधन करत होती. मला विचारून तिनं जास्तीचं रक्त घेतलं. "ही सँपल्स आम्ही फ्रीजरमध्ये ठेवतो, पुरेशी जमली की एकदम तपासतो," म्हणाली.

ताप उतरला. प्लेटलेट्सही वाढल्या. तरी उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि बीपी खालीच. सगळे म्हणाले, डेंग्यूचा अशक्तपणा आहे.

एका दुपारी वहिनी डबा ठेवून खाली औषधं आणायला गेली, तेव्हा एक बाई माझ्या पायथ्याशी येऊन बसली. हनुवटीवर गोंदण, अंगावर हॉस्पिटलचाच गाऊन. वॉर्डातलीच कुणी असेल असं वाटलं.

"मीठ खावंसं वाटते काय वं तुले?"

मी दचकलेच. कारण ते खरं होतं! कित्येक महिने मी स्वयंपाकघरात उभी राहून चिमूटचिमूट मीठ तोंडात टाकत होते. नवऱ्यानं एकदा पाहिलं आणि "बीपीले आवतन देऊन राहिली काय?" म्हणून इतकं चिडवलं की मी लपून खायला लागले.

"डॉक्टरले सांग," ती म्हणाली. "म्या नाई सांगतलं. घरचे हासत, मंग लाज वाटे. तू लाजू नको."

मग डब्याकडे बघून म्हणाली, "लिंबाचं लोणचं हाय ना? एक फोड दे ना वं."

मी पडले शिक्षिका! "आधी सिस्टरला विचारते, तुम्हाला चालतं का," म्हटलं. ती नुसती हसली. सिस्टरला हाक मारून मी वळले, तर पायथ्याशी कुणी नव्हतं.

संध्याकाळी धीर करून त्याच तरुण डॉक्टरला मिठाचं सांगितलं. तिनं लगेच माझे तळहात पाहिले. रेषा काळवंडल्या होत्या, मी ते उन्हावर ढकललं होतं. तिनं रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन दिलं. सकाळी मी आपल्या पायांनी चालले. किडनीवरच्या ग्रंथींतून जो हार्मोन यायला हवा, तो माझ्यात बनतच नव्हता; म्हणूनच मिठाची ओढ, काळवंडलेल्या रेषा आणि खाली गेलेलं बीपी. त्यात हा ताप. "अजून उशीर झाला असता तर…" एवढंच ती बोलली.

"पण मिठाचं सांगायचं तुम्हाला सुचलं कसं?" तिनं विचारलं.

मी त्या बाईचं वर्णन केलं. डॉक्टर माझ्या खाटेवर बसलीच. तेल्हाऱ्याकडची एक बाई, हनुवटीवर गोंदण, याच खाटेवर व्हायरल तापानं गेली होती. बीपी पडत गेलं, सगळ्यांनी तापाचंच समजलं. तिचं फ्रीजरमधलं सँपल याच आठवड्यात तपासलं गेलं, आणि तोच आजार निघाला.

"काल संध्याकाळी, तुमच्याकडून गेल्यावर, मी तिच्या नवऱ्याला फोन करून मिठाचं विचारलं. रडायला लागले. 'लपूलपू खाये मॅडम, आमीच हासत होतो,' म्हणाले." मग डॉक्टर म्हणाली, "हे त्याआधी इथं कुणालाच माहीत नव्हतं."

भाऊ म्हणतो, भ्रम झाला असेल. असेलही. पण माझ्या भ्रमाला तिच्या घरातलं गुपित कुठून कळलं?

आता रोज सकाळी गोळी घेते. काही लपवत नाही. जेवायला बसलो की नवरा गुपचूप मिठाची बरणी माझ्याकडे सरकवतो. वाईट एवढंच वाटतं, फार वाटतं… जी माझ्यासाठी आली, तिनं लोणच्याची एक फोड मागितली, आणि मी परवानगी विचारत बसले.